पहिल्या वाफेचं चाक

टोच्याला खरं नाव होतं, पण त्याची आई गेल्यापासून त्या नावाने त्याला कोणी हाक मारली नव्हती. बॉयलरच्या पोटात शिरून हातोडीने टोच टोच करत नळ्यांवरचे क्षार उडवणारा, म्हणून टोच्या. कारखान्यात टोच्या, गल्लीत टोच्या, आणि बायको रागावली की घरातही टोच्याच. एरवी ती 'अहो' म्हणायची, पण त्या 'अहो'त फार काही शिल्लक राहिलं नव्हतं.

कारखाना कापड रंगवायचा. रंगाच्या हौदांना वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला पाणी. पाणी मागच्या अंगणातल्या बोअरचं, आणि असं जड की साबण लावला तर फेस यायच्या ऐवजी नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या व्हायच्या. असं पाणी रात्रंदिवस उकळत ठेवलं की वाफ निघून जाते आणि दगड मागे राहतो. आधी सायीसारखा पातळ थर, मग खपली, मग चांगला बोटभर जाड कातळ. आग एका अंगाला, पाणी दुसऱ्या अंगाला आणि मध्ये हा उपटसुंभ. कोळसा जळतो ढिगाने आणि वाफ येते रडतखडत. म्हणून वर्षातून एकदा बॉयलर थंड करायचा, पाणी काढून टाकायचं, झाकणं उघडून आत हवा खेळती करायची आणि टोच्याला पोटात सोडायचं.

टोच्या अंगाने असा काटकुळा की वाळत घातलेल्या सदऱ्यात माणूस आहे की नाही हे वळून बघावं लागायचं. बॉयलर-घराचा कारभारी होता मिस्त्री. तो म्हणायचा, देवाने आधी टोच्या केला आणि मग त्याचं माप घेऊन बॉयलरला भोक पाडलं. टोच्या आत गेला की बाहेर फक्त आवाज ऐकू यायचा. स्वच्छ नळी खणखणते, क्षार धरलेली बद्द वाजते. जेवायच्या सुट्टीत तो बाहेर यायचा तेव्हा पिठाच्या डब्यात पडलेल्या उंदरासारखा पांढराफटक असायचा, आणि हातात एखादी मोठी खपली धरून मिस्त्रीला दाखवायचा. खपलीच्या कडेवर थरावर थर दिसायचे. हा पिवळट थर बोअरचं पाणी खाली गेलं तेव्हाचा, हा काळसर थर कोळसा ओला आला तेव्हाचा, असं तो सांगायचा. मिस्त्री मान डोलवायचा. त्या थरांच्या बाबतीत टोच्याचा शब्द शेवटचा होता.

पण टोच्याचा जीव गुंतला होता तो खपलीत नव्हे, चाकात. बॉयलर साफ झाला, पुन्हा पेटला, दाब चढला की मोठ्या पाइपावरचं लोखंडी चाक फिरवून पहिली वाफ कारखान्यात सोडायची. आणि ते चाक, ज्याने पोट खरवडलं त्यानेच फिरवायचं, असा बॉयलर-घराचा रिवाज. कोणी घालून दिला ते मिस्त्रीलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी साहेबसुद्धा दारात येऊन उभे राहायचे. टोच्या अंघोळ करून, केस चापून बसवून यायचा, चाकाला हात घालायचा, आणि पलीकडे हौदांवरच्या बायका ओरडायच्या, "आली गं, टोच्याची वाफ आली!" वर्षाचे बाकीचे सगळे दिवस बॉयलरवाल्याला कुत्रंही विचारत नाही. हा एक दिवस त्याचा होता.

आणि त्या दिवसावर धोंडा टोच्याने स्वतःच्याच हाताने आणून ठेवला.

त्याची मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, हिचा नवरा कुठल्याशा पाणी शुद्ध करायच्या कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला. बायकोने टोच्यामागे भुणभुण लावली: तुमचं तिथे वजन आहे म्हणता ना, मग टाका की शब्द. वजन आहे म्हटल्यावर टोच्याला मागे फिरता येईना. त्याने मिस्त्रीकडे शब्द टाकला, मिस्त्रीने साहेबांकडे टाकला, आणि साडू येऊन दाखल झाला. गोल, गोरा, हसरा. पुढच्या उघडणीपर्यंत तात्पुरता, असं साहेबांनी सांगितलं होतं. बॉयलर उघडल्यावर आत काय दिसतं ते बघायचं आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवायचं.

साडूने आल्या आल्या एक मिठाची टाकी बसवून घेतली. बोअरचं पाणी तीतून गेलं की मऊ होऊन बाहेर पडायचं. उरलासुरला क्षार मारायला तो पाण्यात कसलंसं औषध सोडायचा. रोज सकाळी काचेच्या बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात साबणाचे थेंब टाकायचा आणि बाटली खळखळ हलवायचा. फेस टिकला की पाणी मऊ. एवढीच करामत, पण ती बघायला हौदांवरच्या बायका जमायला लागल्या. साडू बाटली डोक्यावर धरून हलवायचा, मग उजेडात फिरवायचा, आणि त्या हसायच्या. आठवडा उलटला नाही तोच सगळे त्याला 'पाणीवाले' म्हणायला लागले. नुसतं पाणीवाला नाही, पाणीवाले. टोच्याच्या मनात आलं, मी इतकी वर्षं दगड फोडतोय, मला कोणी 'टोच्ये' म्हणालं नाही.

घरी तर आगीत तेल. धाकटी एकदा मिठाच्या टाकीतल्या पाण्याचा कॅन घेऊन आली. म्हणाली, "ताई, या पाण्याने केस धुऊन बघ. रेशीम होतात." आणि मग सहज बोलल्यासारखं, तिची किटली आतून कशी नव्यासारखी आहे ते सांगितलं. टोच्याच्या घरातल्या किटलीच्या तळाला पांढरं कवच धरलं होतं, इतकं जाड की किटली रिकामी असतानाही भरल्यासारखी जड लागायची. बायकोने किटली उचलून एकदा आत पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जगाचे बॉयलर साफ करतात आणि घरच्या किटलीत दगड."

धाकटी हसली. मनापासून, काही वाईट हेतू नसताना हसली, आणि तेच टोच्याला लागलं.

तिला पोचवून बायको परत आली आणि उंबऱ्यात बसून टाच घासायला लागली. हातात काय, तर टोच्याने फळीवर मांडून ठेवलेली खपली! आजवरची सगळ्यात मोठी, थर न थर दिसणारी, कापडात गुंडाळून आणलेली.

"ती ठेवायची आहे," टोच्या म्हणाला.

"ठेवते की. टाच झाली की ठेवते. वजरीपेक्षा बरी चालते."

त्या दिवसापासून मऊ पाण्याचा कॅन घरात आला की टोच्या तो मोरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा आणि मुद्दाम नळाच्या पाण्याने अंघोळ करायचा. बायकोचे केस खरंच मऊ झाले होते. तिने वेणी पाठीवर टाकली की तो दुसरीकडे बघायचा. आपल्या बायकोच्या डोक्यावर साडूची कर्तबगारी मिरवतेय, हे काही नवऱ्याने डोळ्यांनी बघायचं असतं का? साडूला तो आधी अरे-तुरे करायचा. आता एकदम 'अहो' आणि 'तुम्ही' सुरू केलं. साडूला वाटलं, दादा मान देतायत. तो बिचारा आणखीच हसायला लागला.

मग साडूने ती सूचना केली.

बॉयलरच्या तळाला एक वॉल्व्ह असतो. तो उघडला की तळाचं पाणी गाळासकट धडाधड बाहेरच्या खड्ड्यात जातं. याला ब्लो सोडणं म्हणतात. वर्षभर दिवसपाळीला भट्टी सांभाळणारा टोच्या एकदा ब्लो सोडायचा, बाकीच्या पाळ्याही तसंच करायच्या. साडू म्हणाला, आता औषधामुळे क्षार नळ्यांना चिकटणार नाही, गाळ होऊन तळाशी बसेल. म्हणून दर पाळीला दोनदा सोडायचा आणि जरा जास्त वेळ सोडायचा. हे त्याने मिस्त्रीसमोर सांगितलं, आणि वर म्हणाला, "दादांना काय सांगायचं, त्यांना सगळं माहीत आहे." मिस्त्री म्हणाला, ऐकलंस ना टोच्या?

टोच्याने ऐकलं. कालचा पोर मला माझा वॉल्व्ह उघडायला शिकवतो, एवढंच ऐकलं.

तो पूर्वीसारखाच एकदा ब्लो सोडत राहिला. पुढे पुढे तर उघडला न उघडला करून लगेच बंद करायला लागला. पाळी बदलताना पुढच्या माणसाने विचारलं, की आता दोनदा सोडायचा म्हणतात ना? टोच्या म्हणाला, हा बॉयलर मी आतून पाहिलाय, एकदा पुरे. त्याचा शब्द कोण मोडणार? कोणाचं वाईट करायचं त्याच्या मनात नव्हतं, निदान तो स्वतःला तसं सांगायचा. उघडणीच्या दिवशी आत थोडी घाण दिसावी, साहेबांनी नाक मुरडावं, मिस्त्रीने म्हणावं, "शेवटी टोच्याशिवाय गत नाही," एवढीच त्याची इच्छा. बॉयलर स्वच्छ निघाला तर खरवडायचं काय आणि चाक फिरवायचं कोणी? हौदांवरच्या बायकांनी तर ठरवूनच टाकलं होतं, यंदा चाक पाणीवाल्यांचं. त्यांचं बोलणं टोच्याने खिडकीतून ऐकलं होतं आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं.

उघडणीचा दिवस आला. बॉयलर गार झालेला, वरचं झाकण काढलेलं. मिस्त्रीने दिवा आत सोडला आणि वाकून आत पाहिलं. मग साहेबांना बोलावलं. सगळ्यांनी आळीपाळीने डोकावून पाहिलं. नळ्या अशा लख्ख की जणू कालच बसवल्यात. मिस्त्रीने लांब गज घालून एक नळी वाजवली. ती खणखणली. दुसरी वाजवली, तीही. साहेबांनी साडूच्या पाठीवर थाप मारली आणि साडूचे कान लाल झाले. टोच्या हातोडी घेऊन मागे उभा होता. लग्नाला न बोलावता आलेल्या पाहुण्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, तसं त्या हातोडीचं झालं.

मग मिस्त्रीने खालचं झाकण काढलं, आणि तळाशी चिखल दिसला.

थोडाथोडका नाही. ज्याच्या आत आग जळते त्या भट्टीच्या मोठ्या नळ्याच्या पोटाला टेकेल इतका, मागच्या टोकाकडे चढत गेलेला, राखाडी रंगाचा ढीग. साहेबांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, हे काय? नळ्यांवरचा दगड काढून खाली भरून ठेवलात? हेच करायचं तर टाकी आणि औषध कशाला, आमचा टोच्या काय वाईट होता? साडूच्या गोल चेहऱ्यावरचं हसू असं पुसलं गेलं की टोच्याला वाटलं, हा माणूस हसू नसताना कसा दिसतो ते मी आज पहिल्यांदाच बघतोय. साहेब जाता जाता मिस्त्रीला म्हणाले, संध्याकाळपर्यंत सांगा, याला ठेवायचं की नाही.

आणि मिस्त्री वळून म्हणाला, "टोच्या, शिर आत."

हेच शब्द ऐकण्यासाठी तो वर्षभर झुरला होता. तो पोटावर सरपटत खालच्या भोकातून आत गेला, दिवा पुढे सरकवत. ओला, मातकट वास आला, आणि त्याच्या मनात लाडू फुटले. बाहेर फेस, बाटल्या आणि हसणं खूप झालं म्हणावं. आत यायला टोच्याच लागतो.

मग त्याने दिवा उचलून नीट पाहिलं.

ब्लोच्या पाइपाच्या तोंडाशी चिखलात एक लहानसा खळगा होता, वाटीएवढा. बस्स. वर्षभर ब्लोने ओढून नेलं ते एवढंच. त्याच्या पलीकडे ढीग जसाच्या तसा चढत गेलेला. त्याने खुरपीने ढीग कापला. कडेवर थर दिसले, एकावर एक. खाली पातळ थर, साडू नवा आला तेव्हाचे. मग एका ठिकाणापासून थर जाड होत गेले होते, आणि ते कुठल्या दिवसांपासून, हे टोच्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने ब्लो उघडला न उघडला करायला सुरुवात केली तेव्हापासूनचे. बायको उंबऱ्यात बसून टाच घासत होती, तो दिवससुद्धा त्यात कुठेतरी होता.

तो आणखी पुढे सरपटला. चिखल जिथे भट्टीच्या नळ्याला टेकला होता तिथे भाजून वीट झाला होता. त्याने छिन्नीने वीट उडवली. खालचा पत्रा निळसर पडला होता.

टोच्याच्या हातातली छिन्नी थांबली. पत्रा निळा पडतो म्हणजे पाण्याचा गारवा त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुढे तो मऊ होतो, मग फुगतो, मग सांगायला कोणी उरत नाही. आणि या भट्टीच्या तोंडासमोर दिवसपाळीला उभा असतो कोण? टोच्याच. दुसऱ्या पाळ्यांना ती दोघं पोराबाळांची माणसं, ज्यांच्यापर्यंत त्याचा शब्द पोचला होता, एकदा पुरे. त्याने तिथे आडवं पडल्या पडल्या पत्र्यावरून हात फिरवला. फुगलेला नव्हता. पुन्हा फिरवला. नव्हता.

बाहेर भोकापाशी कोणीतरी गुडघे टेकले. साडूचा आवाज आला. त्याला आत येणं शक्य नव्हतं, त्याचा एक खांदाच त्या भोकात बसला असता.

"दादा, एक विचारू? बाकी कोणी नाही इथे." तो आणखी खाली वाकला. "माझं औषध चुकलं का? तुम्ही थर बघून सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

किती सोपं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं. साडू पुन्हा कधी प्रश्नसुद्धा विचारणार नव्हता. उद्यापासून कॅन बंद, फेस बंद, बायकोचे केस पुन्हा पहिल्यासारखे राठ, आणि चाक टोच्याचं. 'हो' त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण हातात तो चिखलाचा तुकडा होता, कडेवर थर दिसणारा, आणि थराबद्दल टोच्या आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. बायकोशी बोलला होता, मिस्त्रीशी बोलला होता, उधारवाल्याशी तर नेहमीच. थराबद्दल नाही. तेवढं एकच होतं जे साडूकडे नव्हतं आणि त्याच्याकडे होतं. ते सोडलं तर मग उरलं काय?

"औषध बरोबर आहे," तो आतून म्हणाला. "ब्लो मी सोडला नाही."

मग साडू म्हणाला, "विसरलात?"

"नाही."

साडूने गुडघे झटकल्याचा आवाज आला. मग त्याची पावलं लांब गेली.

टोच्याने सगळा चिखल उपसला. वीट झालेला भाग छिन्नीने एकेक कपचा करून काढला, एकही ओरखडा पत्र्याला न लावता. संध्याकाळी राखाडी भूत होऊन बाहेर आला तेव्हा मिस्त्री आणि साहेब दोघे उभे होते. त्याने मिस्त्रीला निळा पत्रा बघायला दिवा दिला, आणि मग सांगितलं. साहेब जे बोलायचं ते बोलले, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. मिस्त्रीने नुसता दिवा परत दिला, ते जास्त लागलं.

तेवढ्यात साडू मध्ये पडला. म्हणाला, चूक माझीही आहे, मी सांगितलं आणि स्वतः जाऊन बघितलं नाही, वॉल्व्ह माझ्या टाकीपासून चार पावलांवर तर आहे. साहेब जरा नरमले.

टोच्या मान खाली घालून उभा होता आणि आतून जळत होता. आयुष्यात एकदा मोठ्या मनाने कबुली दिली, तर त्यातलीही अर्धी हा पठ्ठ्या खाऊन गेला. चांगुलपणातसुद्धा पुढेच.

निळ्या पत्र्याची तपासणी झाली, जाडी मापली गेली, पत्रा शाबूत निघाला. साडू कायम झाला. बॉयलर पेटला, दाब चढला आणि सगळे चाकापाशी जमले. साहेब दारात. साडू हात मागे बांधून जरा लांब. टोच्या अंघोळ करून आला होता, केसही बसवले होते, सवयीने. मिस्त्रीने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "रिवाज म्हणतो, ज्याने खरवडलं त्याचं चाक. बोल टोच्या, तूच सांग."

चाक हाताच्या अंतरावर होतं. टोच्याची बोटं आपोआप वळली.

"स्वतःचं उष्टं ताट धुतलं म्हणून कोणी मान मागतो का?" तो म्हणाला. "नळ्या त्यांनी राखल्या. फिरवू द्या त्यांना."

बोलून झालं आणि त्याने हात पाठीमागे बांधले. साडू नको नको म्हणत पुढे आला, म्हणजे आलाच. दोन्ही हातांनी चाक धरलं आणि उत्साहाच्या भरात गरकन फिरवलं.

पाइपाच्या आत धाड् करून आवाज झाला. इतके दिवस गार पडलेल्या पाइपात पाणी साचलेलं असतं. वाफ एकदम सोडली की ती त्याला ढकलत नेते आणि ते पुढच्या वळणावर हातोड्यासारखं आदळतं. दुसरी धाड् झाली. साहेब दारातून एक पाऊल मागे सरले. साडूचे हात चाकाला चिकटले ते सुटेनात, आणि तोंडाचा पुन्हा तो बिनहसूचा गोल झाला.

टोच्याला वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं. एक क्षण त्याने ते सुख पुरेपूर घेतलं. मग पुढे होऊन साडूच्या हातावर हात ठेवला आणि चाक मागे घेतलं.

"हळू रे बाबा. झोपलेल्या माणसाला असं लाथ घालून उठवतात का?" वर्षाने तो साडूला अरे म्हणाला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "जरा उघड. थांब. पाइप गरम होऊ दे. पाणी निघून जाऊ दे. आता आणखी जरा."

चाक केसभर, केसभर फिरत गेलं. धडधड थांबली, पाइप गुणगुणायला लागला, आणि पलीकडे हौदांमधून पांढरी वाफ उठली. तिकडच्या बायकांना इकडे चाकावर कोणाचे हात आहेत ते दिसत नव्हतं. त्या दर वर्षीसारख्याच ओरडल्या, "आली गं, टोच्याची वाफ आली!"

टोच्याने चेहरा सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला. साडूही हसला, नेहमीसारखा. पण हसण्याच्या आधी त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन सरकून गेलं, डोळे जरा बारीक झाले, ओठ दाबले गेले. दुसऱ्या कोणाला ते कळलं नसतं. टोच्याने बरोबर ओळखलं. वर्षभर रोज सकाळी दाढी करताना तो तेच तर बघत आला होता.

"संध्याकाळी घरी ये," तो साडूला म्हणाला. "आणि येताना तुझ्या त्या पाण्याचा कॅन आण. किटली खरवडून ठेवतो."